परसातील मधपेटी (लेखांक ६) : राणीचे वय आणि जांभळाचा बहर

सातेरी मधमाशीच्या वसाहतीचे बळ पेटीच्या दारातील ये-जा पाहून ठरत नाही. आतील किती चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या आहेत आणि त्यांपैकी किती चौकटींत अंडी, अळ्या व बंद कोष या तिन्ही अवस्था एकाच वेळी दिसतात, यावरून ते मोजावे लागते. फलित अंडी घालणारी माशी वसाहतीत एकच असल्यामुळे हे बळ शेवटी राणीवर येऊन ठेपते. राणी हुकूम सोडत नाही. तिच्या शरीरातून स्रवणारे गंधद्रव्य कामकरी माश्यांच्या अंगावरून पेटीभर पसरते आणि वसाहत एकसंध ठेवते. वयानुसार हे द्रव्य व अंड्यांची संख्या दोन्ही घटत जातात, म्हणून राणी तीन वर्षे जगली तरी मधपाळाच्या हिशेबाने तिचे पहिले दीड-दोन वर्षच खरे मोलाचे असते.

हा हिशेब महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात जांभळाच्या बहरापासून मागे मोजत यावा. अंडे तीन दिवसांनी फुटते, अळी सुमारे पाच दिवस खाते, पुढचे अकरा दिवस कोषात जातात, आणि बाहेर पडलेली कामकरी माशी आणखी दोन-तीन आठवडे अळ्यांना भरवणे, मेण बांधणे अशी घरातलीच कामे करून मगच फुलांवर जाऊ लागते. म्हणजे मार्चच्या आरंभी जांभळावर जाणारी माशी जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घातलेल्या अंड्यातून आलेली असते. ऐन थंडीच्या त्या दिवसांत म्हाताऱ्या राणीची अंडी तुरळक पडली, तर झाडे फुलांनी लगडलेली असतानाही पेटीत मध साठत नाही, आणि मधपाळ विनाकारण झाडांना दोष देतो. म्हणून जानेवारीतच साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पातळ पाक संध्याकाळी थोडा थोडा द्यावा. बाहेरून मकरंद येऊ लागल्याप्रमाणे कामकरी माश्या राणीला अधिक भरवतात आणि तिची अंडी वाढतात.

बळ वाढले की दुसरी अडचण उभी राहते. दाटी झालेल्या वसाहतीत पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी लोंबती राणीघरे, म्हणजे नव्या राण्या वाढवण्याची मोठी मेणघरे, दिसू लागतात. ती बंद झाली की जुनी राणी निम्म्या-अर्ध्या माश्यांसह थव्याने निघून जाण्याच्या बेतात असते. हेच विभागणीचे योग्य लक्षण आहे : जुनी राणी काही चौकटींसह नव्या पेटीत हलवावी आणि मूळ पेटीत एखादे उत्तम राणीघर राखावे. अंड्यापासून राणी बाहेर पडण्यास १५-१६ दिवस लागतात. शेवटी शेवटी सातेरीच्या कामकरी माश्या राणीघराच्या टोकावरील मेण कुरतडतात आणि आतील तपकिरी कोष उघडा पडतो, त्यावरून राणी एक-दोन दिवसांत येणार हे ओळखता येते. मात्र तिचे मीलन हवेत, अनेक नरांशी होते. मध्यभागी टाचणीने टोचल्यासारखे छिद्र असलेली नरघरांची झाकणे दिसण्यापूर्वीच केलेली विभागणी ही केवळ घाई होय. अशा राणीला नर मिळत नाहीत.

पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात जून ते सप्टेंबर हा उपासमारीचा काळ असतो, तर सांगलीच्या पूर्वेकडील जत-आटपाडीत उन्हाळ्याचा शेवट कठीण जातो आणि पावसानंतर तूर, सूर्यफूल, डाळिंबाचा हस्त बहर यांमुळे वसाहत सावरते. दोन्हीकडे सातेरीचा एक स्वभाव विसरता येत नाही : अन्न संपले की ती मरत बसत नाही, घर सोडून जाते. टंचाईच्या तोंडावर सगळा मध काढून घेणे हा वसाहतीवर उघड अन्याय आहे. तिच्यासाठी भरलेल्या चौकटी राखाव्यात, रिकामी पोळी काढून घ्यावीत (नाहीतर त्यांत मेणकिडा शिरतो), आणि दुबळी वसाहत बळकट वसाहतीत मिसळावी. त्यासाठी दुबळ्या वसाहतीची राणी आधी काढून घेऊन दोन कोठ्यांमध्ये बारीक छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवतात. माश्या तो कुरतडेपर्यंत दोन्हींचा गंध एक झालेला असतो.

राणी नाहीशी झाल्याचे मधपाळाच्या लक्षात बहुधा उशिरा येते. उन्हाकडे पाठ करून चौकट खांद्याशी तिरपी धरली की घराच्या तळाशी उभे असलेले पांढरे, दोऱ्याच्या तुकड्याएवढे अंडे दिसते. घरागणिक असे एकेक अंडे असेल तर राणी प्रत्यक्ष शोधण्याची गरज नसते. एकाच घरात दोन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली असतील, तर कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत असे समजावे. त्या अंड्यांतून केवळ नर निपजतात, आणि सातेरीत राणी गेल्यावर ही अवस्था लवकर ओढवते. त्याआधी दुसऱ्या पेटीतील ताज्या अंड्यांची चौकट मिळाली, तर माश्या तीतूनच नवी राणी घडवतात. २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झालेल्या मांघरसारख्या, घरोघरी पेट्या असलेल्या गावात अशी चौकट शेजाऱ्याकडे मागता येते. सांगली-मिरजेच्या परसात एकटी पेटी ठेवणाऱ्याला ती सोय नसते, म्हणून त्याने आरंभापासून दोन पेट्या ठेवाव्यात, दुसरी कितीही लहान असली तरी चालेल.