डेटाबेस सर्व्हरसाठी प्रोसेसर कसा निवडावा?

संगणक रचनेच्या तासाला आपण कोर, क्लॉक आणि कॅश शिकतो. डीबीएमएसच्या तासाला क्वेरी, इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शन. नोकरीत मात्र एक दिवस हे दोन्ही विषय एकदमच समोर येतात: "नवीन डेटाबेस सर्व्हर घ्यायचा आहे, कोणता प्रोसेसर सांगू?" उत्तर चुकले तर ते पुढची अनेक वर्षे सोसावे लागते. म्हणून निवडीचा क्रम समजून घेऊ.

१. आधी मोजा

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील परीक्षा विभागाचा सर्व्हर निकालाच्या दिवशी रखडत असे. आम्ही दुप्पट कोरचे नवीन यंत्र घेतले. पुढच्या निकालाला पुन्हा तेच! मग लिनक्सवर व्हीएमस्टॅट चालवून पाहिले. प्रोसेसर बराच वेळ डिस्कची वाट पाहत रिकामा बसला होता. आसन क्रमांकाच्या स्तंभावर इंडेक्सच नव्हता. एका विद्यार्थ्याच्या निकालासाठी पूर्ण तक्ता वाचला जात होता. इंडेक्स तयार केल्यावर रखडणे थांबले, पण पैसे आधीच खर्च झाले होते. चूक आमचीच होती.

म्हणून गर्दीच्या वेळी जुन्या सर्व्हरवर मोजमाप करा. व्हीएमस्टॅटमधील 'डब्ल्यूए' हा आकडा मोठा असेल, तर अडचण डिस्कची आहे. नवा प्रोसेसर ती सोडवणार नाही. सरासरीलाही फसू नका. १६ कोरच्या यंत्रात एकच कोर पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे असले, तर एकूण वापर जेमतेम ६ टक्के दिसतो. म्हणून प्रत्येक कोरचा वापर वेगवेगळा पाहा.

२. अनेक लहान क्वेरी की एक मोठी?

पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करते, तर मायएसक्यूएल सर्वसाधारणपणे स्वतंत्र थ्रेड वापरते. एकाच वेळी शेकडो लोक लहान क्वेरी पाठवत असतील, तर काम अनेक कोरवर वाटले जाते. तिथे जास्त कोर उपयोगी पडतात.

रात्री चालणारा एक मोठा अहवाल मात्र वेगळा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ९.६ या आवृत्तीपासून (२०१६) एक क्वेरी अनेक कोरवर चालू शकते, पण तिचा प्रत्येक भाग वाटता येत नाही. इथे अ‍ॅमडालचा नियम लागू होतो. कामाचा १० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर:

- १६ कोर: १ ÷ (०.१ + ०.९/१६) = ६.४ पट वेग
- ९६ कोर: १ ÷ (०.१ + ०.९/९६) = सुमारे ९.१ पट वेग

कोर सहापट झाले, वेग दीडपटही वाढला नाही.

३. दोन प्रोसेसरची तुलना

एएमडीच्या एपिक ९००४ मालिकेतील दोन प्रोसेसर पाहू.

- ९१७४एफ: १६ कोर, मूळ वेग ४.१ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश २५६ एमबी
- ९६५४: ९६ कोर, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश ३८४ एमबी

पहिल्यात प्रत्येक कोरच्या वाट्याला १६ एमबी कॅश येते, दुसऱ्यात ४ एमबी. कॅशमध्ये न सापडलेली माहिती मुख्य मेमरीतून आणावी लागते आणि त्याला कितीतरी पट जास्त वेळ लागतो. इंडेक्सची पाने वारंवार चाळणाऱ्या डेटाबेसला हा फरक जाणवतो. एकेका क्वेरीचे उत्तर लवकर हवे असेल तर पहिला प्रोसेसर, एकाच वेळी खूप क्वेरी पेलायच्या असतील तर दुसरा.

४. लायसन्सचा हिशोब

पोस्टग्रेएसक्यूएलला लायसन्स शुल्क नाही. पण मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरच्या एंटरप्राइझ आवृत्तीचे लायसन्स कोरच्या संख्येवर मोजले जाते. प्रत्यक्ष यंत्रावर बसवताना त्यातील सर्व कोरचे लायसन्स घ्यावे लागते, मग काही कोर रिकामे बसले तरी. म्हणजे ९६ कोरसाठी १६ कोरच्या सहापट लायसन्स. अशा वेळी कमी पण वेगवान कोर घेणेच शहाणपणाचे. कोटेशनमध्ये फक्त यंत्राची किंमत पाहू नका. लायसन्ससह एकूण खर्च मांडा.

५. मेमरी विसरू नका

वरील मालिकेत प्रत्येक प्रोसेसरला मेमरीच्या १२ वाहिन्या आहेत. मेमरीच्या दोनच पट्ट्या लावल्या तर बाकीच्या दहा वाहिन्या वाया जातात. तसेच दोन सॉकेटच्या यंत्रात दुसऱ्या सॉकेटजवळची मेमरी वाचायला जास्त वेळ लागतो. एका सॉकेटमध्ये काम भागत असेल तर दुसऱ्याचा मोह टाळा.

सारांश: आधी काम कुठे अडते ते शोधा, मग क्वेरींचे स्वरूप पाहा, मग लायसन्सचा हिशोब करा. प्रोसेसरचे नाव सर्वांत शेवटी लिहा.

स्वाध्याय

१. कामाचा २० टक्के भाग क्रमाने होत असेल, तर ३२ कोरवर वेग किती पट होईल? कोर कितीही वाढवले तरी कमाल मर्यादा कोणती?
२. आपल्या प्रयोगशाळेतील सर्व्हरवर मोठी क्वेरी चालवा आणि प्रत्येक कोरचा वापर नोंदवा. किती कोर खरोखर कामाला लागले?