मुंबई ते न्यूयॉर्क : सोळा तास? नीट मोजा!

ऑगस्टमध्ये एमएससाठी निघालेल्या कुठल्याही मित्राला विचारा, ‘किती लांब आहे रे?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘सोळा तासांची फ्लाइट.’ किलोमीटर कोणीच सांगत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क जवळात जवळचं हवाई अंतर साधारण 12,500 किमी आहे.

आता शाळेतला नकाशा आठवा. मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ मारली की ती सौदी, इजिप्त, मोरोक्को करत अटलांटिक पार करते. पण खऱ्या ग्लोबवर दोरा ताणून बघा (खरंच बघा, मजा येते). दोरा वर सरकतो आणि रशिया, नॉर्वे, आइसलँडच्या बाजूने ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी खाली वळतो. वाकडा दिसणारा हाच रस्ता जवळचा! पट्टीच्या रेघेने गेलात तर दीड हजारांहून जास्त किलोमीटर वाढतात.

विमानाला मात्र दोऱ्यासारखं सरळ जाता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पश्चिमेकडच्या अनेक फ्लाइट्सना वळसा पडला. शिवाय वारा. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम जाताना समोरून येतो, परतताना मागून ढकलतो. म्हणून जायला सोळा तास लागले, तर यायला चौदा-साडेचौदा.

घड्याळ तर पुरतं फसवतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. रात्री 2 ला निघालात तर तिथे सकाळचे साडेआठ, तारीख तीच. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो.

पण तुमचा प्रवास विमानतळावर सुरू होतो का? समजा, तुम्ही कोल्हापूरचे आणि कॉलेज बोस्टनला. कोल्हापूर-मुंबई गाडीने आठ तास. फ्लाइटच्या चार तास आधी विमानतळावर. सोळा तास हवेत. मग इमिग्रेशनची रांग आणि बॅगा, धरा दोन तास. पुढे बोस्टनची बस, पाच तास. झाले पस्तीस! आणि घरी काही झालं, लगेच निघायचं ठरलं, तरी परतीचा हिशेब याच्या आसपासच. कॉलेज निवडताना रँकिंग सगळे बघतात, हा आकडाही एकदा घरच्यांसोबत बसून काढा.

तिकीट स्वस्त दिसलं तर लेओव्हर आधी बघा. अमेरिकेत पुढे दुसरं विमान पकडायचं असेल, तर साधारणपणे तिथल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. दीड तासाचा लेओव्हर म्हणजे धावपळ पक्की. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवलेत आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते. आय-20 बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कोणीतरी टाकतंच.

आणि हो, आईला लँडिंगची वेळ सांगू नका. खोलीवर पोचायची सांगा, वर दोन तास धरून. नाहीतर तुम्ही इमिग्रेशनच्या रांगेत फोन बंद ठेवून उभे, आणि इकडे ती मोबाइलवर केव्हाच उतरलेलं विमान बघत बसलेली.