क्वार्टर घोडा व त्याचे हौशी धनी

जनावरांचीं प्रदर्शनें भरवावीं, उत्तम जनावरास बक्षीस द्यावें, म्हणजे जात आपोआप सुधारते, असा समज आपल्या शेतकरीवर्गांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रदर्शनानें जात सुधारते, तशीच ती बिघडतेहि. यांपैकीं काय घडेल, तें बक्षीस कोणत्या गुणास मिळतें आणि जनावर कोणाच्या हातीं आहे, यांवर अवलंबून असतें. या दोन्ही गोष्टींचा उत्तम दाखला अमेरिकेंतील क्वार्टर जातीच्या घोड्याच्या इतिहासांत सांपडतो. म्हणून तो आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जात आणि तिची वही

क्वार्टर म्हणजे पाव. अमेरिकेंत इंग्रजांच्या वसाहती होत्या त्या काळीं व्हर्जिनिया प्रांतांत पाव मैलाच्या, म्हणजे सुमारें ४०० मीटरांच्या, शर्यती लावण्याचा प्रघात होता. इंग्लंडांतून आणलेले घोडे व तेथील आटोपशीर बांध्याच्या घोड्या यांच्या संकरांतून जी जात निपजली, तिला या शर्यतीवरून नांव पडलें. लांबच्या दौडींत थरोब्रेड घोडा हिला सहज मागें टाकतो. परंतु पाव मैलाच्या आंत हिची बरोबरी करणारें जनावर विरळा. पुढें वस्ती पश्चिमेकडे सरकली, तेव्हां टेक्ससच्या कुरणांत गुरें वळण्याच्या कामीं हीच जात उपयोगीं पडली. एकदम सुटावें, जागच्याजागीं थांबावें, गुराबरोबर वळावें, यासाठीं मागचे पुठ्ठे बळकट व स्वभाव शांत लागतो. ते दोन्ही गुण हिच्या ठायीं होते. खांद्याशीं सुमारें ५६ ते ६४ इंच उंची व भरदार पुठ्ठे ही या घोड्याची ओळख होय.

या जातीची वंशावळीची वही मात्र फार उशीरां सुरू झाली. इ. स. १९४० सालीं टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथें घोडेवाल्यांनीं अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन ही संस्था स्थापिली. वहींतील पहिला क्रमांक कोणास द्यावा, याचा निर्णय त्यांनीं प्रदर्शनाच्या रिंगणावर सोंपविला. १९४१ च्या फोर्ट वर्थ येथील प्रदर्शनांत जो नर घोडा सर्वश्रेष्ठ ठरेल त्यास पहिला क्रमांक, असें ठरलें. आणि तो मान किंग रँच या प्रसिद्ध कुरणांत निपजलेल्या विंपी नांवाच्या घोड्यास मिळाला. आज या वहींत नोंदलेल्या घोड्यांची संख्या साठ लाखांच्या वर गेली आहे. प्रदर्शन आणि वंशावळ यांची गांठ अशी आरंभापासूनच पडलेली आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हौशी कोणास म्हणावें

इतके घोडे पोसतो कोण? मोठे कुरणवाले व धंदेवाईक चाबूकस्वार आहेतच. पण या जातीचा पुष्कळ भार साध्या हौशी धन्यांवर आहे. कोणी शाळामास्तर, कोणी दुकानदार, कोणी शेतकरी. पहांटे उठून ठाण साफ करणें, वैरण घालणें, खरारा करणें, मग आपल्या उद्योगास जाणें, आणि सायंकाळीं परत येऊन तासभर घोडा फिरविणें, हा त्यांचा नित्यक्रम. बेताच्या अंगाच्या घोड्यासहि रोज नऊ-दहा किलो वाळलें गवत लागतें. सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंदाकडून खूर काढून घ्यावे लागतात. हा खर्च बक्षिसांतून क्वचितच भरून येतो. तरी माणूस तो आनंदानें सोसतो, यावरूनच ती हौस कोणत्या जातीची आहे तें दिसतें.

संस्थेनें या हौशी लोकांसाठीं वेगळा वर्ग ठेविला असून त्याचे नियम कडक आहेत. घोडे शिकविण्याबद्दल किंवा प्रदर्शनांत फिरविण्याबद्दल जो मोबदला घेतो, त्यास या वर्गांत प्रवेश नाहीं. शिवाय घोडा सामान्यतः स्वतःच्या अगर निकटच्या कुटुंबीयांच्या मालकीचा असावा लागतो, आणि रिंगणांत तो धन्यानेंच फिरविला पाहिजे. घरीं चाबूकस्वाराकडून घोडा शिकवून घेण्यास हरकत नाहीं. पण परीक्षेच्या वेळीं लगाम मालकाच्या हातीं हवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं निराळा वर्ग आहे, आणि पन्नाशी उलटलेल्या हौशांसाठींहि निराळा आहे. त्यामुळें लहानपणीं वडिलांचा घोडा धरून रिंगणांत शिरलेला मुलगा आजोबा झाल्यावरहि त्याच रिंगणांत दिसूं शकतो. माणसाची हौस एका ऋतूंत संपूं नये, अशी ही योजना आहे.

रिंगणांतील परीक्षा

गांवोगांवच्या लहान प्रदर्शनांपासून ओहायो प्रांतांतील कोलंबस येथें १९६७ पासून भरत आलेल्या प्रचंड मेळाव्यापर्यंत आणि ओक्लाहोमा शहरांतील जागतिक अजिंक्यपदाच्या प्रदर्शनापर्यंत परीक्षांचे अनेक प्रकार आहेत. एकींत घोडा नुसता मोहरकीनें धरून उभा करावयाचा व परीक्षकांनीं त्याची ठेवण पाहावयाची. दुसरींत घोडा धरणाऱ्या माणसाचें कसब पाहिलें जातें: घोडा नीट चौरस उभा राहिला कीं नाहीं, इशारा होतांच मागें सरला कीं नाहीं. तिसरींत ठराविक नक्षीप्रमाणें घोडा गोल पळवावयाचा, एका जागीं गरगर फिरवावयाचा, व भरधाव आणून मागच्या पायांवर घसरत थांबवावयाचा. तेथें ७० गुणांपासून आरंभ करून प्रत्येक हालचालीस अर्ध्या गुणाच्या हिशेबानें वाढघट करितात. चौथी तर केवळ गुराख्याचीच कला. कळपांतून एक गुरूं निवडून बाहेर काढावयाचें, आणि मग लगाम सैल सोडून त्यास कळपांत परत शिरूं न देण्याचें काम घोड्याच्या अकलेवर टाकावयाचें. हा घोडा गुराच्या डोळ्यास डोळा लावून डावीउजवीकडे झेंपावतो, तेव्हां त्याच्या पाठीवरील माणूस पाहुण्यासारखा वाटतो.

बक्षीस म्हणून फीत, कमरपट्ट्याचें चांदीचें कडें किंवा संस्थेच्या वहींत जमा होणारे गुण मिळतात. एका प्रकारांत दहा गुण झाले कीं नोंदणीचा मान, आणि पन्नास झाले कीं श्रेष्ठतेचा. एवढ्यासाठीं माणसें शेंकडों मैल घोडा घेऊन जातात.

बक्षिसानें केलेली हानि

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ज्या परीक्षेंत घोड्याकडून कांहींच काम करवून घेतलें जात नाहीं, तींत परीक्षकांची दृष्टि हळूहळू स्नायूंच्या फुगवट्यावर खिळली. १९६९ सालीं जन्मलेला इम्प्रेसिव्ह नांवाचा घोडा १९७४ सालीं या प्रकारांत जागतिक विजेता ठरला. त्याचें शरीर पाहून लोक थक्क झाले, व घोड्या त्याच्याकडे रीघ लावून येऊं लागल्या. त्यास दोन हजारांवर शिंगरें झालीं, आणि त्यांनींहि बक्षिसें मिळविलीं.

पुढें कांहीं शिंगरांस एक विचित्र व्याधि दिसूं लागली. अंग थरथरावें, मागचे पाय लुळे पडावे, घोडा कोसळावा, आणि कधीं प्राणहि जावा. १९९२ सालीं शास्त्रज्ञांनीं तिचें मूळ शोधून काढिलें. स्नायूंच्या पेशींत सोडियम क्षार आंत येण्याची जी वाट असते, ती वेळेवर मिटत नाहीं, असा तो आनुवंशिक दोष होता. आणि तो इम्प्रेसिव्हच्या वंशांतून पसरला होता. रक्तांत पालाशाचें प्रमाण वाढलें कीं झटका येतो. म्हणून अशा घोड्यास लसूणघास व मळी यांसारखा पालाशयुक्त चारा वर्ज्य करावा लागतो. दोष असा कीं, आईबापांपैकीं एकाकडून आला तरी पुरे: एका बाजूनें दोष आलेला घोडा निर्दोष घोडीस दाखविला, तर सरासरीनें निम्मीं शिंगरें सदोष निपजतात, दोन्ही बाजूंनीं आला असेल तर सगळींच.

आयाळीच्या केसांच्या मुळांवरून हा दोष तपासतां येतो. तरीहि दोन्ही बाजूंनीं सदोष असलेलीं शिंगरें वहींत न घेण्याचा नियम २००७ च्या आरंभापासून जन्मलेल्या शिंगरांसच लागूं झाला. ज्ञान हातीं आल्यावरहि पंधरा वर्षें गेलीं! एका बाजूनें सदोष असलेल्यांची नोंद त्यानंतरहि चालू राहिली. कारण उघड आहे. बक्षीसपात्र देह आणि रोग हीं बरोबर चालत होतीं, आणि त्या देहांत अनेकांचा पैसा गुंतला होता. फॅशनीचा असाच फेरा सवारीच्या घोड्यांवरहि आला. मान अति खालीं घालून रेंगाळत चालणारा घोडा जिंकूं लागला, तेव्हां खांद्याच्या रेषेखालीं डोकें नेणाऱ्या घोड्यास दंड करण्याचा नियम करावा लागला.

या प्रसंगीं दोष प्रदर्शनाचा नव्हता, बक्षिसाच्या कसोटीचा होता. ज्या घोड्यास गुरूं अडवावयाचें आहे, त्याचा लुळा पाय रिंगणांतच उघडा पडतो. ज्यास केवळ उभें राहावयाचें आहे, त्याचा तो झांकून राहतो. आणि आमच्या मतें हौशी धन्याची खरी किंमत येथेंच आहे. जो आपल्या घोड्यावर रोज बसतो, त्यास घोड्याचें दुखणें परीक्षकाच्या आधीं कळतें. जनावर विकून मोकळा होणाऱ्यास तें कळलें तरी सांगण्याची निकड नसते.

आपणांस घेण्यासारखें

हा प्रश्न आपल्या दारांतलाच आहे. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टें मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होतीं. आज तीं मुख्यत्वें धनगर मेंढपाळांजवळ उरलीं असून वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहून नेण्याचें काम करितात. अलीकडेच कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनें या तट्टास स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ही संतोषाची गोष्ट होय. पण वही उघडली म्हणजे जात वांचली असें नव्हे. तापीकांठीं सारंगखेडें येथें दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें उंची, रंग, भोंवरे व नाच यांवर किंमत ठरते. या कसोटीवर भीमथडी तट्टू उंच मारवाडी घोड्यापुढें नेहमींच हरणार. आणि हरणाऱ्या जनावराचा धनी उद्यां उंचीसाठीं संकर करूं लागेल, यांत त्याचा काय अपराध? त्याच तट्टास पाठीवर ओझें देऊन घाट चढावयास लावा, अपुऱ्या चाऱ्यावर किती दिवस टिकतें तें पाहा, आणि मग बक्षीस द्या.

बैलांच्या प्रदर्शनांसहि हेंच लागूं आहे. आमच्या सभासदांपैकीं जे तालुक्याच्या प्रदर्शनाचे पंच असतील त्यांनीं पुढील तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, निदान अर्धे गुण प्रत्यक्ष कामास असावे. दुसरी, जनावर ज्यानें वाढविलें त्याच घरच्या माणसानें तें रिंगणांत आणावें. तिसरी, विजेत्या नराची संतति दोन-तीन वर्षांनीं पुन्हां तपासावी, आणि तींत व्याधि दिसल्यास तें विजेत्याच्या नांवापुढें उघड लिहावें. ही तिसरी गोष्ट धन्यास कडू लागेल. परंतु बक्षिसाची फीत एका वर्षांत विरते. रक्तांत शिरलेला दोष पिढ्यान्‌पिढ्या निघत नाहीं.