काम नेमके कोणाच्या टेबलावर?

जळगाव/धुळे, प्रतिनिधी

शेतकऱ्याच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागेपर्यंत पीककर्जासारखी अनेक कामे अडून राहतात. जळगाव जिल्ह्यातील १५ आणि धुळे जिल्ह्यातील ४ तालुक्यांत शेती हाच बहुसंख्यांचा आधार आहे. त्यामुळे ‘नोंद कोणाकडे अडली?’ हा प्रश्न येथे घरोघरी विचारला जातो. कार्यपद्धतीच्या आराखड्याकडे भूमिकेनुसार गाळून पाहिल्यास त्याचे उत्तर सापडू शकते.

कोणत्याही कामाचे टप्पे चौकटी आणि बाणांनी दाखवणाऱ्या आराखड्यास संगणकीय व्यवहारात प्रोसेस डायग्राम म्हणतात. बीपीएमएन ही त्याची प्रचलित चित्रभाषा असून तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. जलतरण तलावातील मार्गिकांप्रमाणे त्यात प्रत्येक भूमिकेला स्वतंत्र पट्टा असतो. मात्र चौकटींची संख्या वाढली, की आपला वाटा कोणता, हेच वाचणाऱ्याला उमगत नाही. अशा वेळी मूळ चित्र तसेच ठेवून एकाच भूमिकेची कामे ठळक करायची आणि बाकीची फिकट करायची, हे गाळीव दृश्याचे तत्त्व आहे.

वारस नोंदीचे उदाहरण

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. ‘अर्जदार’ ही गाळणी लावल्यास वर्दी देणे, कागदपत्रे सादर करणे आणि हरकत आल्यास म्हणणे मांडणे एवढीच कामे उरतात. ‘तलाठी’ ही गाळणी लावल्यास वर्दीची पोच, वारस नोंदवही, फेरफार नोंदवही, नोटिसा आणि चावडीवरील प्रसिद्धी ही कामे दिसतात. या पदाचे नाव २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे करण्यात आले. ‘मंडळ अधिकारी’ मात्र दोनदा दिसतो : आधी वारस चौकशीत आणि नंतर नोंद प्रमाणित करताना. सलग आराखड्यात ही दुसरी जबाबदारी सहज नजरेआड होते.

आणखी एक गोष्ट उघड होते. नोटिशीनंतर हरकतीसाठी असलेले १५ दिवस कोणाच्याच टेबलावरचे नसतात. ती कायद्याने दिलेली मुदत आहे, दिरंगाई नव्हे. मुदत संपूनही नोंद पुढे सरकली नाही, तर विचारणा कोणाकडे करायची, हे तेथून स्पष्ट होते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणीचा वेगळा मार्ग सुरू होतो.

पथ्ये कोणती?

गाळणी व्यक्तीच्या नावाने नव्हे, तर पदाने लावावी. बदली झाली तरी आराखडा खरा राहतो. एका कामापुढे दोन पदे लिहिली असतील, तर जबाबदारी निश्चित झालेली नाही असे समजावे. प्रत्येक टेबलासाठी वेगळे चित्र काढू नये. एकात दुरुस्ती होते, दुसरे जुनेच राहते आणि वाद सुरू होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती जागा गाळून टाकू नये. कागद बहुधा तेथेच अडतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्येही हाच विचार आहे. अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, प्रथम व द्वितीय अपील अधिकारी आणि कालमर्यादा जाहीर करणे त्यानुसार बंधनकारक आहे. विनाकारण विलंब करणाऱ्यास ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी काम कोणाचे होते, हे आधी ठरावे लागते. कार्यालयाच्या भिंतीवरील फलकात तेवढे जरी स्पष्ट दिसले, तरी चोपडा वा शिरपूर तालुक्यातील शेतकऱ्याचा एखादा हेलपाटा निश्चितच वाचेल.