खेकड्याचं बीळ

अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठावरच्या खारेपाटात आमचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, मध्ये मातीचा बांध. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच दिसतं. बांधाबाहेर कांदळवन होतं. उधाणाची लाट आधी तिथं मोडायची आणि मग बांधाला लागायची.

बांधात खेकड्याचं बीळ दिसलं की आजी हाकाटी करून माणसं गोळा करायची. मोठं काम निघालं तर घरटी एक माणूस यायचा. ही आमची जोळ पद्धत. तिला मजुरी नव्हती, कंत्राट नव्हतं.

पुढे कारखाने आले, बंदर आलं. बाबांना पगार सुरू झाला आणि त्याच पगारावर मी शिकले. त्यामुळे विकास नको, असं माझ्या तोंडून कधी येणार नाही. पण माणसं पाळीवर जाऊ लागली, तशी बांधावर यायला कुणी उरलं नाही. बाहेरचं कांदळवनही तुटत गेलं. एका उधाणाला बांधाला खांड गेली. सकाळी आमच्या खाचरात निवट्या उड्या मारत होत्या. पाणी ओसरलं, मीठ राहिलं. ते धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर भात नाही. तांदूळ दुकानातून आला.

देशाच्या उत्पन्नात पगार मोजला जातो, दुकानातला तांदूळ मोजला जातो, खांड बुजवायचं कंत्राटही मोजलं जातं. कांदळवन लाट अंगावर घेत होतं, त्याची पावती कधीच फाटली नव्हती. म्हणून ते गेल्याची नोंदही कुठे झाली नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची रीत घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी संसदेला बजावलं होतं, की या आकड्यावरून लोकांचं कल्याण ठरवू नका.

त्यांचंच नाव पुढे एका वक्ररेषेला मिळालं. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांना काही शहरांच्या हवेत असं आढळलं, की उत्पन्नाबरोबर प्रदूषण आधी वाढतं आणि ठरावीक समृद्धीनंतर उतरतं. त्यातून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला : आधी श्रीमंत होऊ, मग स्वच्छ करू. धुराड्याला गाळणी बसवता येते, हे खरं. पण भराव टाकून बुजवलेली खाडी पैसा आला म्हणून परत वाहू लागत नाही.

उरणच्या कोळ्यांनी हे भोगलं आहे. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि देशाच्या व्यापाराचं मोठं दार बनलं. भरावानं आणि कांदळवनांच्या तोडीनं मासेमारी बुडाल्याची तक्रार घेऊन पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. २०१५ मध्ये लवादानं १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडीला किंमत होती, हे आदेशातून सिद्ध झालं. पण ती लावली गेली खाडी गेल्यावर.

ती किंमत प्रकल्पाच्या पहिल्या कागदावर यायला हवी. किती कांदळवन जाणार, कुठला बांध उघडा पडणार, कोणाची जाळी रिकामी येणार, हे रोजगाराच्या आकड्याशेजारी लिहिलेलं असावं. नफा मिळवणाऱ्यानंच बांधाची देखभाल करावी.

खेकड्याचं बीळ मूठभर चिखलानं बुजतं. खांडीला दगडांचे ट्रक लागतात, आणि तरी शेतातलं मीठ राहतंच. म्हणून आजी बीळ दिसताच हाका मारायची.