साठचा आकडा आणि अडखळणारा गेम

पडद्याच्या कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा साठवर असला की गेम झकास चालतोय, आणि तरीही पात्राची हालचाल खटकली तर ॲनिमेशन टुकार आहे, असं पीसीवर खेळणारे बहुतेक जण धरून चालतात. हे दोन्ही निष्कर्ष चुकू शकतात. तो आकडा म्हणजे सहसा सेकंदभराची सरासरी. समजा, एका सेकंदात 59 फ्रेम प्रत्येकी 15 मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एकच फ्रेम 115 मिलिसेकंद रेंगाळली. बेरीज बरोबर 1000, म्हणजे आकडा 60. पण त्या एका फ्रेमला चित्र जागच्या जागी थिजतं, आणि डोळ्याला तेच खुपतं. चाकण-भोसरी पट्ट्यात काम करणाऱ्याला हे चटकन पटेल: तासाला साठ नग निघाले, एवढ्यावरून लाइन सुरळीत चालली असं कुठलाही सुपरवायझर म्हणणार नाही. मध्ये सात मिनिटं लाइन बंद पडलेली असते आणि बाकीच्या वेळात नग भराभर काढून आकडा गाठलेला असतो. म्हणून पाहायचा तो प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ. साठ एफपीएसला तो 16.7 मिलिसेकंद आणि तीसला 33.3 हवा, आणि मुख्य म्हणजे तो एकसारखा हवा. चढउतार करणाऱ्या साठपेक्षा ठाम चाळीस डोळ्याला अधिक सुखावतात.

मग ग्राफिक्स कार्ड बदललं की प्रश्न मिटतो, ही पुढची समजूत. ती पूर्ण खोटी नाही. पण फ्रेम रेंगाळण्याची कारणं बऱ्याचदा कार्डाच्या बाहेर असतात. प्रकाश, धूर, पाणी कसं दिसावं हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, प्रत्येक कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी वेगळे तयार व्हावे लागतात. कन्सोलचं यंत्र ठरलेलं असल्याने तिथे ते आधीच तयार करून देता येतात. पीसीवर मात्र गेममधला एखादा स्फोट पहिल्यांदा होतो त्या क्षणी त्याचा शेडर तयार होऊ लागला, तर महागड्यातलं महाग कार्डही वाट पाहत थांबतं. ड्रायव्हर अपडेट केल्यावर काल नीट चाललेला गेम आज पहिला तासभर अडखळतो तो यामुळेच. साठवलेले शेडर रद्द होऊन पुन्हा बनत असतात. एप्रिल 2023 मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर’ने त्या वेळच्या सर्वांत वरच्या कार्डांनाही घाम फोडला, कारण ताण प्रोसेसरवर होता. लॅपटॉप घेणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. नाव एकच, आरटीएक्स 4060. पण लॅपटॉपमध्ये ते कार्ड 35 वॉटपासून 115 वॉटपर्यंत कितीही ताकदीवर बसवलेलं असू शकतं. त्यात रॅमची एकच पट्टी असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत यंत्र तापून स्वतःचा वेग उतरवत असेल, तर दोष गेमला देऊन उपयोग नाही.

आता ॲनिमेशन. एफपीएस वाढले की हालचाल सुंदर होते, हा गैरसमज मला सर्वांत घट्ट रुजलेला वाटतो, आणि तो खोडायला एकच मालिका पुरेशी आहे. जॉर्डन मेकनर यांनी 1989 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ काढला तो ॲपल टू या संगणकावर, ज्याचा प्रोसेसर जेमतेम 1 मेगाहर्ट्झचा. मेकनर यांनी धाकट्या भावाला धावताना, उडी मारताना चित्रित केलं आणि त्या फिल्मवरून एकेक पवित्रा काढून घेतला. उडी चुकली की कठड्याला लोंबकळणाऱ्या त्या राजपुत्राच्या अंगातलं वजन आजही जाणवतं. फ्रेम थोड्या होत्या, पण प्रत्येक फ्रेममधला पवित्रा नेमका होता. उलट टोकाचा पुरावा जपानच्या आर्क सिस्टिम वर्क्सचा. 2014 च्या ‘गिल्टी गिअर एक्झर्ड’मध्ये गेम साठ फ्रेमने चालतो, पण पात्रांचे पवित्रे मुद्दाम काही फ्रेम धरून ठेवलेले आहेत, जेणेकरून हाताने काढलेल्या ॲनिमेचा ठसका यावा. संगणकाला मधल्या जागा भरू दिल्या असत्या, तर हालचाल गुळगुळीत झाली असती आणि फटक्यातला जोर गेला असता.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेचा एक धागा थेट आपल्या भागात येतो. सप्टेंबर 2020 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या रीमेकची घोषणा झाली. काम यूबीसॉफ्ट या कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं आणि गेम जानेवारी 2021 मध्ये येणार होता. ट्रेलर पाहून लोक चेहऱ्यांवर आणि हालचालींवर तुटून पडले, प्रकाशन लांबलं, आणि मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. या टीकेत दोन गोष्टींची सरमिसळ झाली. ट्रेलर हा व्हिडिओ असतो. तुमच्या यंत्रावर गेम कसा चालेल याबद्दल तो काहीच सांगत नाही. चेहऱ्यांबद्दलची नाराजी ही कलेबद्दलची होती आणि ती व्यक्त करण्याचा खेळणाऱ्यांना पूर्ण हक्क होता. पण त्यावरून ‘भारतीय स्टुडिओंना जमत नाही’ असा निकाल देणं अन्यायाचं आहे. घोषणेच्याच वर्षी, 2020 मध्ये, पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आला. चमू छोटा होता. त्यांनी कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत मांडले. चेहऱ्याच्या प्रत्येक स्नायूची नक्कल करण्याचा खर्च टळला आणि दृश्यांना स्वतःचं रूप मिळालं. आवाका आणि शैली यांचा मेळ बसला की ॲनिमेशन उभं राहतं.

नुसते एफपीएस वाढवून भागत नाही, यावर कुणी म्हणेल, स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्याला 144 एफपीएस हवेच असतात, त्याचं काय? रास्त आहे. तिथे प्रत्येक फ्रेमला फक्त 6.9 मिलिसेकंद मिळतात आणि माउसची हालचाल पडद्यावर लवकर उमटते. हा फायदा खरा आहे. पण म्हणूनच फ्रेम जनरेशनच्या आकड्याला भुलू नये. दोन खऱ्या फ्रेममध्ये तयार केलेली फ्रेम दृश्य मऊ करते, तुमचा हुकूम मात्र त्या फ्रेममध्ये वाचला जात नाही. आणि जास्त फ्रेम प्रत्येक गेमला मानवतातच असंही नाही: ‘डार्क सोल्स 2’मध्ये पीसीवर साठ फ्रेमला शस्त्रं तीस फ्रेमच्या दुप्पट वेगाने झिजत होती, कारण झीज फ्रेममागे मोजली जात होती. त्याच मालिकेत तलवार उगारायला लागणारा वेळ अनेकांना लॅग वाटतो. तो मुद्दाम ठेवलेला आहे.

तक्रार करण्याआधी फ्रेमच्या वेळेचा आलेख पडद्यावर लावून एकाच जागेतून दोनदा जाऊन पाहावं. दुसऱ्या फेरीत आलेखातल्या उसळ्या गेल्या, तर बहुधा शेडरचं काम. रिझोल्यूशन अगदी खाली आणूनही आलेख तसाच राहिला, तर प्रोसेसर. आलेख सपाट आहे आणि पात्र तरी लाकडी वाटतंय, तर सेटिंगमध्ये शोधून काही सापडणार नाही. ते काम ॲनिमेटरच्या टेबलावरचं आहे.