हवेचा पौंड आणि पाण्याचा किलो



वैजापुरात रस्त्याकडेला ट्रॅक्टर उभा करून हवा भरायला सांगितली, की भरणारा विचारतो, "किती पौंड?" त्याच शेतकऱ्याच्या मळ्यात ठिबक असले, तर फिल्टरजवळच्या मीटरवर बहुधा किलोचे आकडे असतात. आणि त्याच्या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात ना पौंड, ना किलो, तिथे न्यूटन! एकाच घरात तीन भाषा झाल्या म्हणा ना.

आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला आणि 1958च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने बाजारात येऊ लागली. शेर गेला, मण गेला. हवेचा पौंड तेवढा चिवट निघाला.

आता बघा, बल म्हणजे ओढ किंवा रेटा. एक किलोचे वजन हातावर धरले, की पृथ्वी ते खाली ओढते. त्या ओढीला एक किलोचे बल म्हणायचे. न्यूटनमध्ये ती सुमारे 9.8 भरते. म्हणजे कांद्याची 50 किलोची गोणी पाठीवर घेणारा हमाल 490 न्यूटन पेलत असतो. पौंड हा किलोच्या निम्म्याहून थोडा कमी, 0.4536 किलो. त्याची ओढ सुमारे 4.45 न्यूटन. गुरुजींना वर्गात एवढे दोन आकडे पुरतात.

घोटाळा होतो तो पुढे. समजा, कुणी सांगितले, "ठिबकला 14 पौंड दाब ठेव." ऐकणारा हिशेबी. त्याने 14 पौंडांचे किलो केले, 6.35 आले, आणि मीटरचा काटा सहाच्या पुढे जाईपर्यंत दाब चढवला. गुणाकार बिनचूक, पण ठिबकच्या नळ्या सांध्यातून निसटायच्या, नाहीतर फुटायच्या!

चुकले कुठे? टायरचा पौंड म्हणजे दर चौरस इंचावरचा रेटा, आणि मीटरचा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा. बोलताना आपण जागेचे माप गिळून टाकतो. एका चौरस इंचात 6.45 चौरस सेंटिमीटर मावतात. तेव्हा 6.35ला 6.45ने भागायचे राहिले होते. भागले की जेमतेम एक किलो येतो. गड्याने सहापटीहून जास्त दाब दिला की हो!

पडताळा विहिरीवर घ्या. उभ्या पाइपात 10 मीटर, म्हणजे सुमारे 33 फूट पाणी असले, तर तळाशी एक किलो दाब पडतो. पौंडाचे मीटर तिथेच लावले तर काटा 14च्या किंचित पुढे थांबेल.

म्हणून मीटरवरच्या किलोला 14.2ने गुणले की पौंड, आणि पौंडाला 14.2ने भागले की किलो. टायरमध्ये 28 पौंड हवा असेल, तर ती दोन किलोला थोडी कमी. काही मीटरांवर 'बार' लिहिलेले असते. एक बार म्हणजे 1.02 किलो, तेव्हा ठिबकपुरता तो किलोच धरला तरी चालतो.